गुरुजी, फोटो टाकला का?

आपल्या जिल्ह्यातला झेडपीचा गुरुजी दिवसातून किती फोटो काढतो, हे एकदा कुणीतरी मोजायला पाहिजे. परिपाठाचा फोटो. खिचडीचा फोटो, तोही ताटासकट आणि लेकरांसकट. झाड लावलं तर झाडाचा, हात धुतले तर हात धुण्याचा, शपथ घेतली तर शपथेचा. मग त्या फोटोची लिंक भरायची, लिंक भरल्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा आणि तिथं कुणीतरी साहेब अंगठा दाखवेपर्यंत जीव टांगणीला. संध्याकाळी यादी येते, "खालील शाळांची माहिती अप्राप्त". त्या यादीत नाव आलं की माणूस अर्धा मरतो. दिवसभर वर्गात काय शिकवलं, कुणाला कळलं, कुणाला नाही कळलं, याची यादी मात्र कुठंच नसते.

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात लिहितोय असं वाटत असेल तर थांबा. उलट आहे. शिक्षकाच्या हातातला मोबाईल ही गेल्या पंधरा वर्षांत झेडपीच्या शाळेला मिळालेली सगळ्यात भारी वस्तू आहे. माझं भांडण आहे ते त्या मोबाईलचं आपण काय करून ठेवलं याच्याशी. शिकवायचं हत्यार होतं, त्याचं आपण हजेरीचं रजिस्टर केलं.

जरा मागं जाऊ. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत बार्शीचे रणजितसिंह डिसले नावाचे शिक्षक होते. त्यांनी पाठ्यपुस्तकावर क्यूआर कोड चिकटवले. स्कॅन केला की कविता ऐकू यायची, गोष्ट दिसायची, प्रश्न यायचे. कुणी जीआर काढला नव्हता, अॅप डाऊनलोड करा म्हणून आदेश नव्हता. एका मास्तराला आपल्या वर्गातली अडचण दिसली आणि त्यानं त्यावर आपल्यापुरती तोड काढली. पुढं राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. आपल्याकडं बार्शी म्हणजे बाजाराचं गाव, त्यामुळं कळंब-परंड्यातसुद्धा माणसं "आपला मास्तर" म्हणत होती. पुढं त्यांच्या रजेवरून, हजेरीवरून जे रामायण झालं ते सगळ्यांनी वाचलंय, त्यात मी पडत नाही. मला त्या सगळ्या गोष्टीतली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. अडचण आधी होती, क्यूआर कोड नंतर आला.

आपण काय शिकलो त्यातून? आपण क्यूआर कोड शिकलो. अडचण बघायचं सोडून दिलं.

2015 नंतर डिजिटल शाळांची लाट आली ती आठवा. गावोगाव लोकवर्गणी झाली. दुष्काळाची वर्षं होती, टँकरवर गावं होती, तरी लोकांनी शंभर-शंभर, पाचशे-पाचशे रुपये काढून शाळेला टीव्ही घेतला, प्रोजेक्टर घेतला. या लोकांचं मोल कमी करायची माझी हिंमत नाही. पण आज जाऊन बघा. कुठं वीजबिल थकलं म्हणून लाईट कापलेली. कुठं टीव्ही कपाटात, चावी मुख्याध्यापकाकडं, कारण चोरी झाली तर भरून कोण देणार? जिथं चालू आहे तिथं काही ठिकाणी व्हिडिओ लावला की गुरुजी बाजूला बसून माहिती भरायलेत. लेकरं कार्टून बघितल्यागत बघतात, व्हिडिओ संपला की पान उलटतात. फळ्यावर शिकवताना निदान गुरुजीचं तोंड लेकरांकडं होतं.

त्याच काळात, 2016 च्या नोव्हेंबरमध्ये, शाळाबाह्य मुलं शोधायची म्हणून राज्यानं फर्मान काढलं होतं. शिक्षकानं दर सोमवारी दहा-दहा मुलांचा गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढायचा आणि 'सरल' पोर्टलवर टाकायचा. विरोध झाला, नेटवर्क नाही, फोन नाही, शिक्षिकांनी सेल्फी का काढायचे असे प्रश्न आले आणि निर्णय मागं ठेवावा लागला. हसलो होतो आपण तेव्हा. आज तो सेल्फी रोजचा झालाय, फक्त त्याची नावं वेगळी आहेत. 2023 च्या डिसेंबरपासून हजेरी चॅटबॉटवर आली, ती पुण्यातल्या विद्या समीक्षा केंद्राकडं जाते. पोषण आहाराची माहिती वेगळी. यू-डायस प्लस वेगळं. अपार आयडी वेगळा, त्यात आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही म्हणून आई-बापाला तालुक्याला पाठवायचं. चाचणीचे गुण आधी पेपरवर, मग नोंद तक्त्यात, मग परत बॉटवर. आणि मध्येच एखाद्या दिनाचं, सप्ताहाचं, पंधरवड्याचं पत्र, "आजच, तात्काळ, सर्वोच्च प्राधान्य". सगळंच सर्वोच्च प्राधान्य असल्यावर वर्गाचा नंबर कितवा लागतो?

आपल्या जिल्ह्याला हे जरा जास्तच जाचतं आणि त्याला कारण आहे. 2018 मध्ये नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, त्यात महाराष्ट्रातले चारच, नंदुरबार, वाशिम, गडचिरोली आणि आपण, तेव्हाचं उस्मानाबाद. 49 निर्देशकांवर जिल्ह्यांची क्रमवारी लागते आणि त्यात शिक्षणाला 30 टक्के वजन आहे. या योजनेतून काही कामं झाली, ते नाकारायचं नाही. पण क्रमवारी माहितीवर चालते आणि माहिती भरणारा शेवटचा हात कुणाचा? वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजीचा. तिथं चार वर्ग, दोन शिक्षक. एक जण मीटिंगला गेला की दुसऱ्याकडं पहिली ते चौथी. त्यात फोन वाजला, "तुमची माहिती राहिली", की त्या चारही वर्गांची शाळा सुटल्यात जमा.

कायदा काय म्हणतो? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका एवढं सोडून शिक्षकाला दुसऱ्या अशैक्षणिक कामाला लावता येत नाही. 2024 च्या ऑगस्टमध्ये राज्यानं शैक्षणिक काम कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं याची वर्गवारीही केली. कागद चांगला आहे. पण माहिती भरणं हे "शैक्षणिक" च्या डब्यात बसतं. लेकरांबद्दलची माहिती आहे ना, मग झालं शैक्षणिक!

आता मला जे खरं सांगायचंय ते.

भूम तालुक्यातल्या एका वस्तीशाळेवरचे एक गुरुजी. नाव-गाव देत नाही, का ते तुम्हाला कळतंय. तिसरीला हातच्याची वजाबाकी चालली होती. लेकरांना येत नव्हती. कोविडच्या आधीही येत नव्हती, नंतर तर विचारूच नका. यांनी एक दिवस फोनचा रेकॉर्डर चालू केला आणि फोन शर्टाच्या खिशात टाकला. पाऊण तास शिकवलं. रात्री जेवण झाल्यावर अंगणात बसून स्वतःचाच तास ऐकला.

"साहेब, लाज वाटली," असं ते म्हणाले. आपण प्रश्न विचारतो आणि आपणच उत्तर देतो. पाऊण तासात तीनच लेकरांची नावं घेतली, तीही पुढच्या रांगेतली. एक पोरगी होती, आई-बाप टोळीसोबत ऊसतोडीला जातात, ती दिवाळीनंतर गेलेली आणि उशिरा परत आलेली. तिचं नाव एकदाही आलं नाही. अख्ख्या रेकॉर्डिंगमध्ये ती वर्गात आहे याचा पुरावा नव्हता. आणि त्या दिवशीच्या हजेरीत ती हजर होती, खिचडीच्या फोटोतही होती.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकच केलं. प्रश्न विचारला की मनात एक, दोन, तीन मोजायचे आणि गप्प राहायचं. त्यांना माहीत नव्हतं, पण मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी 1970 च्या दशकात हेच शोधलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब होतात, गप्प बसणारी लेकरं बोलायला लागतात. तीन सेकंद! याला ना वायफाय लागतं ना टॅब.

पोरगी बोलली. चुकीचं बोलली. 52 वजा 38 बरोबर 26. याआधी वहीत असं दिसलं की लाल फुली मारून गुरुजी पुढं जायचे. यावेळी त्यांनी विचारलं, "कसं काढलं गं बाई?" ती म्हणाली, आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे पोरीला वजाबाकी येत होती! तिला एवढंच वाटत होतं की मोठ्यातून लहान काढायचं असतं, मग मोठा आकडा वर असो का खाली. मग यांनी वह्या काढून बघितल्या, तर वर्गातल्या आणखी पाच-सहा जणांची चूक हीच. सगळ्यांना फुली, सगळ्यांना "सराव करा". त्यांनी तुऱ्हाट्या आणल्या, दहा-दहाचे गठ्ठे बांधले, पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या मांडल्या आणि म्हणाले, यातल्या अडतीस मला द्या. दोन सुट्ट्यांतून आठ कशा देणार? पोरांनीच गठ्ठा सोडला. उरल्या किती? एक गठ्ठा, चार सुट्ट्या. फोडलेला गठ्ठा म्हणजे हातचा, हे मग वेगळं सांगावं लागलं नाही.

मला विचाराल तर शाळेत तंत्रज्ञान वापरायचं ते असं. फोन तोच, रेकॉर्डरही आधीपासून फोनमध्ये असलेला. फरक एवढाच की यावेळी फोनचं तोंड साहेबाकडं नव्हतं, गुरुजीच्या स्वतःच्या शिकवण्याकडं होतं. फक्त आवाज, स्वतःपुरता, ऐकून झाल्यावर पुसून टाकलेला. लेकरांचे चेहरे स्टेटसवर नाहीत, कुणाच्या रीलमध्ये नाहीत.

आणि या गुरुजींनी पुढं काय केलं? महिन्याच्या शिक्षण परिषदेत हे सांगायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, प्रत्येक केंद्रातल्या आठ-दहा शाळांच्या शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र बसायचं आणि शिकवण्याबद्दल बोलायचं, यासाठी ही परिषद असते. कल्पना कुणाची असेल ती असो, सोन्यासारखी आहे. जपानमध्ये शंभरेक वर्षांपासून अशीच रीत आहे. एक शिक्षक शिकवतो, बाकीचे वर्गात मागं-बाजूला उभे राहून बघतात. तेही शिक्षकाकडं कमी आणि लेकरांकडं जास्त. कोण कुठं अडलं, कुणाचा चेहरा कधी पडला. मग सगळे बसून तो तास फोडून बघतात. तास चुकला तरी कुणाची पगारवाढ थांबत नाही. आपल्या परिषदेत काय झालं? हे बोलायला उभे राहिले. प्रलंबित माहितीचा विषय चालू होता, चार शाळांचे गुण भरायचे राहिले होते. "गुरुजी, दोन मिनिटात आटपा, नाहीतर पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी वेगळं पोर्टल होतं.

केंद्रप्रमुखाला शिव्या देऊन उपयोग नाही. कित्येक केंद्रांना पूर्णवेळ केंद्रप्रमुखच नाही, एकाच माणसाकडं दोन-दोन केंद्रं. वरून त्यांनाही तीच यादी येते, "अप्राप्त". त्यांच्या वरच्यालाही येते. सगळी साखळीच अशी झालीय की प्रत्येक जण खालच्याला विचारतो, "टाकलं का?" आणि "लेकराला आलं का?" हे कुणीच कुणाला विचारत नाही. 2022 मध्ये 'आपले गुरुजी' म्हणून वर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले होते, आठवतंय? तिथंही फोटोच. गुरुजी ओळखायचा फोटोवरून, शाळा ओळखायची फोटोवरून.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "सातवा वेतन घेता ना, मग करा काम." बरोबर, घेतात. आणि म्हणूनच विचारतोय. एवढा पगार देऊन आपण शिक्षक ठेवला आणि त्याच्याकडून डाटा एन्ट्री करून घेतली, तर नुकसान कुणाचं? गटसाधन केंद्रात माहितीचं काम बघायला माणूस असतो. ते काम तिकडं ढकला आणि पगार शिकवण्याचा वसूल करा ना!

दुसरी कॉमेंट येईल, "फोटो बंद केले तर मास्तर शाळेतच जाणार नाहीत." हा प्रश्न खरा आहे, टाळणार नाही. लातूरहून, सोलापूरहून, बार्शीहून अप-डाऊन करणारे आहेत. साडेदहाची शाळा अकराला आणि पाचची साडेचारला सुटते अशी गावं मला माहीत आहेत, गावकऱ्यांनाही माहीत आहेत. पण मला एक सांगा, इतकी वर्षं फोटो चालू आहेत, त्यातला एक तरी माणूस फोटोमुळं सुधारला का? साडेदहाला फोटो टाकायचा आणि पावणेअकराला पेपर उघडायचा, हे ज्याला करायचंय तो करतोयच. कामचुकार माणसाला फोटो म्हणजे सोय आहे, पुरावा तयार! भरडला जातो तो प्रामाणिक माणूस, कारण त्याला वर्गही सोडवत नाही आणि यादीतलं नावही सहन होत नाही. दांडीबहाद्दराला पकडायचं तर शाळा व्यवस्थापन समिती आहे, गावातले पालक आहेत, अचानक भेट देणारा अधिकारी आहे. त्यांनी चपला झिजवाव्यात.

आणि शिक्षकांनाही दोन शब्द. माहितीचा बोजा आहे हे शंभर टक्के खरं. पण त्या बोजाच्या आड काही जण मजेत लपलेत हेही खरं. कोविडनंतर 'दीक्षा' वरची प्रशिक्षणं आपण कशी पूर्ण केली? व्हिडिओ म्यूट, फोन चार्जिंगला, प्रश्नमंजुषेची उत्तरं ग्रुपवर, संध्याकाळी प्रमाणपत्र स्टेटसला. नवं काही शिकायची संधी होती, तीसुद्धा आपण माहितीसारखी "भरली". आणि आता रीलचं खूळ. लेकरांना ओळीत उभं करून नाचवायचं, गाणं लावायचं, लाखात व्ह्यू. काही शिक्षक खरोखर चांगलं दाखवतात, त्यांच्याबद्दल नाही बोलत मी. पण ज्या तासात दहादा "कट, परत करा" म्हणावं लागतं, तो तास लेकरांचा नव्हता एवढं तरी कबूल करा. त्या लेकरांच्या आई-बापाला कुणी विचारलं होतं का, हाही प्रश्न आहेच. 2023 चा डिजिटल माहिती संरक्षणाचा कायदा लहान मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पण आपल्याकडं कारखान्याच्या तळावर कोपीत राहणाऱ्या बापाला त्याच्या पोरीचा व्हिडिओ कुठं-कुठं फिरतोय हे सांगणार कोण?

आपल्या तासाबद्दल लिहिणारे, त्यावर विचार करणारे शिक्षक महाराष्ट्राला नवीन नाहीत. कोल्हापूरला लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं, तिथल्या वर्गातल्या अनुभवांवर त्यांनी किती लिहून ठेवलंय. अनुताई वाघांनी कोसबाडचं लिहिलं. तेव्हा मोबाईल नव्हता, वही होती. आजही प्रत्येक शिक्षकाकडं टाचणवही असते. त्यात काय असतं? घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती, साहित्य. सगळं तासाच्या आधीचं. तास झाल्यावर काय झालं, कुठं फसलं, याला कितीशी जागा असते आणि असली तरी ती कोण भरतं? लिहिलं तर तपासणीला आलेला म्हणणार, "म्हणजे तुम्हाला शिकवता येत नाही?" 2023-24 ला मुलांच्या पुस्तकात 'माझी नोंद' म्हणून कोरी पानं घातली होती, 2025 मध्ये ती काढून टाकली. गुरुजीच्या वाट्याला तर तसं पान कधी आलंच नाही.

म्हणून जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना आणि प्राथमिक शिक्षणाधिकाऱ्यांना जाहीर मागणी. यातल्या बहुतेक गोष्टींना मंत्रालयाची परवानगी लागत नाही आणि पैसा तर अजिबात लागत नाही. शाळेच्या वेळेत माहितीचा मेसेज टाकायचा नाही, आपत्ती असेल तर वेगळं. एकदा यू-डायसला दिलेली माहिती परत वेगळ्या तक्त्यात मागायची नाही. फोटो हवा असेल तर तो कोण बघतो आणि बघून काय करतो, हे पत्रातच लिहायचं. बघणारा कुणी नसेल तर फोटो बंद. आणि शिक्षण परिषदेचा पहिला दीड तास फक्त तासांवर बोलायचं. दर महिन्याला दोन शिक्षकांनी आपला फसलेला तास मांडायचा, हो, फसलेलाच, यशोगाथा नको. त्या दीड तासात "अप्राप्त" हा शब्द कुणी उच्चारायचा नाही. डाएटच्या अधिव्याख्यात्यांनी तिथं येऊन मागं बसावं, ऐकावं, भाषण करू नये.

एका केंद्रात करून बघा. भूममध्ये करा, लोहाऱ्यात करा, उमरग्याच्या सीमेवर करा, जिथं लेकरांच्या घरात कन्नड बोलतात, किंवा एखाद्या तांड्यावर, जिथं पहिलीतलं लेकरू गोरमाटीत विचार करतं आणि गुरुजी पुस्तकी मराठीत प्रश्न विचारतात. तिथला गुरुजी आपलाच तास ऐकेल तेव्हा त्याला काय-काय ऐकू येईल, याची मला फार उत्सुकता आहे.

दिवाळीनंतर टोळ्या परत कारखान्यांकडं निघतील. हंगामी वसतिगृहाची सोय झाली तर काही लेकरं मागं राहतील, बाकीची ट्रॅक्टरवर बसून जातील. ती पोरगी या वर्षी राहणार का जाणार, गुरुजींनाही अजून माहीत नाही. आई-बापाशी बोलायला म्हणून ते दोनदा घरी जाऊन आलेत, शाळा सुटल्यावर. त्याचा फोटो काढलेला नाही.

या पोस्टखाली शिक्षक मंडळींनी नाव टाकून लिहावं अशी अपेक्षा नाही, नोटीस येते ते मला कळतं. ज्यांना आपला फसलेला तास लिहायचाय त्यांनी मला इनबॉक्सला पाठवा. नाव, शाळा, केंद्र काहीही छापणार नाही. दहा-बारा जमले की प्रिंट काढून मी स्वतः झेडपीत नेऊन देतो आणि पोच घेतो.